वाडीवरची शाळा: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषदेच्या लहान प्राथमिक शाळांमध्ये मी शिकवत आले आहे. सध्याची शाळाही त्यातलीच. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे पडवी, शिक्षक दोन. खालचे प्रश्न काही जूनमध्ये नाव घालायला आलेल्या आयांचे, काही गणपतीला आलेल्या चाकरमान्यांचे, काही पडवीत नातवाची वाट बघत बसलेल्या आज्यांचे. उत्तरं वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईची आहेत, खात्याची नाहीत.

वर्ग चार आणि शिक्षक दोन. मग शिकवतं कोण आणि कधी?

आधी नियम सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, ६१ ते ९० मुलांना तीन. वाडीवर ६० मुलं आता कुठे राहिली? तेव्हा दोन शिक्षक हीच आमची रीत. बहुतेक ठिकाणी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते.

दुपारी बाराच्या सुमारास माझ्या खोलीत डोकावलात तर पहिल्यांदा गोंधळच दिसेल. पहिलीची मुलं खाली बसून आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधत असतात. दुसरीची मुलं फळ्याजवळ माझ्यासमोर, हातच्याची वजाबाकी चालू. मध्येच एक मूल उठून येतं, गठ्ठा दाखवतं, त्यात अकरा काड्या निघतात. मी काही बोलायच्या आत दुसरीतली एक मुलगी वजाबाकी सोडून मागे वळते आणि म्हणते, "आदी काड्यो मोज, मगे बांध." तिची वजाबाकी तेवढ्यापुरती राहते, पण दशक म्हणजे काय ते तिला पक्कं कळलेलं आहे हे मला त्या एका वाक्यात समजतं. चाचणीतून तेवढं कळलं नसतं.

विषयही जोडून घेता येतात. पाणी, झाडं, घर, गाव हे विषय पहिलीपासून चौथीपर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात येतातच. मग विहीर हा विषय एकदाच घ्यायचा. पहिलीने चित्र काढून नावं सांगायची, तिसरीने चार ओळी लिहायच्या, चौथीने वाडीतल्या कुठल्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये आटतं ते घरोघर विचारून यायचं.

आता दुसरी बाजू. दोनपैकी एक शिक्षक शिक्षण परिषदेला, प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की चारही वर्ग एकाकडे येतात. त्या दिवशी शिकणं पातळ होतं. मुलं गुंतलेली राहतात, गोष्टी होतात, सराव होतो, पण नवं काही शिकवून होत नाही. असे दिवस वर्षात थोडे नसतात.

एवढ्या कमी मुलांत माझ्या मुलाला सोबत कोणाची? त्याच्या वर्गात तर दोघंच आहेत.

वर्गात दोघं, पण खेळायला सगळी शाळा. लगोरीत चौथीचा आणि पहिलीचा एकाच बाजूला असतो आणि पहिलीच्याला 'लिंबू-टिंबू' ठरवून दोनदा संधी द्यायची हे मुलं आपसात ठरवतात, आम्ही सांगावं लागत नाही. मोठ्यांना लहानांना सांभाळायची सवय लागते. लहानांची भाषा लवकर मोठी होते.

उणीव आहे ती वेगळी. समवयस्कांशी बरोबरीने भांडणं, हरणं, जिंकणं कमी पडतं. वर्गात पहिला येणारा कायम तोच असतो आणि त्याला आपण फार हुशार असल्याचा समज होतो. म्हणून आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या गटातल्या, इतर शाळांबरोबर क्रीडास्पर्धा, बालमेळावा असेल तेव्हा मुलांना पाठवाच. "एक दिवस बुडला तरी चालेल" असं म्हणून घरी ठेवू नका.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. लहान शाळेत मूल लपू शकत नाही. पन्नासच्या वर्गात मागे बसून गप्प राहिलेलं मूल चौथीपर्यंत वाचता न येता पुढे सरकू शकतं. इथे मंगळवारी एखाद्याचा चेहरा उतरलेला असेल तर दहा मिनिटांत आम्हाला दोघांना माहीत होतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत स्वयंपाकाच्या ताईंनाही. काही मुलांना हे आवडत नाही, हेही खरं.

पट कमी आहे म्हणून शाळा बंद होणार का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि शिक्षकाच्या हातात नसलेला. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे १५ हजार होत्या. त्या वर्षी अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांची उदाहरणं दिली गेली. मोठी इमारत, प्रयोगशाळा, विषयाला शिक्षक, ने-आण करायला बस असा विचार. विरोधही बराच झाला.

माझं मत विचाराल तर चौथीच्या मुलासाठी बसची शाळा चालेल, सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. जुलैमध्ये व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं, साकवावरून, त्यावरच्या लहान पुलावरून, माणसं जाईनात, की बस कुठे उभी राहणार? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय ते उगाच नाही.

तुमच्या हातात एकच गोष्ट आहे. वाडीतली मुलं तीन किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून "आपली शाळा बंद होता नये" असं ग्रामसभेत म्हणता येत नाही.

पहिलीत कधी घालायचं, आणि कागद काय काय लागतात?

३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत. जन्माचा दाखला, आधार असेल तर उत्तम. पण जन्माचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, कायद्याच्या चौदाव्या कलमात तसं स्पष्ट आहे. कागद नंतर आणा, मूल आधी आणा. काजूच्या बागेत कामाला आलेल्या कुटुंबांना हे मुद्दाम सांगा. त्यांना वाटतं आपली मुलं इथे चालणार नाहीत.

घाई करू नका. पाच वर्षांच्या मुलाला "हुशार आहे" म्हणून पहिलीत बसवलं की त्याची बोटं पेन्सिलीला तयार नसतात, आणि मग दोन वर्षं ते 'अक्षर घाणेरडं' हे ऐकत राहतं. अंगणवाडी म्हणजे वाया गेलेलं वर्ष नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर अंगणात बसून मुलांना शिकवलं ते याच वयासाठी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. आपण निदान मुलाला अंगणवाडीत नेऊन बसवू या.

आमचं मूल घरी मालवणीच बोलतं. शाळेत त्याला जड जाईल का?

जाणार नाही, आपण मोठ्यांनी जड केलं नाही तर. पहिल्या दिवशी मूल "बाई, माका कळाक नाय" म्हणालं तर मी खूश होते. कळलं नाही हे सांगतंय, म्हणजे बोलतंय. "असं नाही, 'मला समजलं नाही' असं म्हण" अशी दुरुस्ती त्या क्षणी केली की पुढचा आठवडाभर ते तोंड उघडत नाही. पुस्तकातली मराठी ऐकून, वाचून, गाण्यांतून दिवाळीपर्यंत कानात बसते. दुसरीपर्यंत मुलं माझ्याशी एक आणि एकमेकांशी दुसरी अशी बोलायला लागतात, तीही कोणी न शिकवता.

घरी तुम्ही मुद्दाम पुस्तकी मराठी बोलू नका. आजी ज्या भाषेत कोल्ह्याची आणि कुर्लीची (खेकड्याची) गोष्ट सांगते त्या भाषेत गोष्ट जास्त मोठी असते, तिच्यात शब्द जास्त असतात. मुलाला वाचायला ते शब्दच उपयोगी पडतात.

आणि इंग्रजी?

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. आज नाव घालायला येणाऱ्या कित्येक आया स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या असतात. तरी प्रश्न येतोच, कारण शेजारच्या मुलाला 'ट्विंकल ट्विंकल' येतं आणि आपल्याला येत नाही अशी ती गोष्ट असते.

आमच्याकडे इंग्रजी ऐकणं-बोलणं आधी आणि लिहिणं मागाहून असतं. सूचना इंग्रजीत, रंग, भाज्या, हवामान, दुकान-दुकान खेळणं. चौथीतून बाहेर पडताना मुलाने इंग्रजीत आपली, घराची, शाळेची माहिती न अडखळता सांगावी आणि साधी चार-सहा वाक्यं वाचून समजावीत एवढं आम्ही धरतो. त्याहून जास्त हवं असेल तर तसं सांगा, आपण बोलू. पण मराठी वाचता न येणाऱ्या मुलाला इंग्रजी वाचता येईल अशी आशा धरू नका. दोन्हीकडे अर्धं राहिलेलं मूल मी दरवर्षी एखादं तरी बघते. दुसरीत इंग्रजी शाळेतून परत आलेलं, दोन्ही लिप्या ओळखणारं आणि दोन्हींत गोष्ट न समजणारं. त्याला रुळायला वर्ष लागतं.

शेजारच्याचं 'ट्विंकल ट्विंकल' पाठ असतं. त्याला त्यातला एक शब्द विचारून बघा.

पहिलीचं वर्ष संपलं तरी मुलाला वाचता येत नाही. काळजी करू का?

थोडी. 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट तिसरीच्या शेवटी मुलाने समजून वाचावं असं आहे, पहिलीच्या शेवटी नव्हे. पण पहिलीच्या शेवटी निदान ओळखीची अक्षरं जोडून छोटे शब्द लागायला हवेत.

बघायचं कसं? पुस्तकातला धडा वाचायला देऊ नका, तो पाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंडात तिसरी ओळ, असं चाललेलं मी रोज बघते. त्याऐवजी तेलाच्या पिशवीवरचं नाव, एसटीची पाटी, लग्नपत्रिका काहीही समोर धरा. 'सावंतवाडी' वाचताना मूल 'सा' म्हणून थांबलं आणि मग अंदाजाने 'साखर' म्हणालं तर अक्षर येतंय, जोडणं येत नाही. 'सा-वं-त-वा-डी' असं तोडून म्हणालं आणि शेवटी एकत्र करता आलं नाही तर फक्त सराव हवा. अक्षरंच ओळखत नसेल तर आम्हाला येऊन सांगा, आणि डोळेही तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं असतात, आणि ती सांगत नाहीत, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्यांना वाटतं.

घरी रोज दहा मिनिटं वाचून दाखवा. तुम्हाला वाचता येत नसेल तर मुलाला चित्र बघून गोष्ट सांगायला लावा आणि ऐका. मध्ये फोन बघू नका.

तो २५ च्या जागी ५२ लिहितो. डोक्यात काही गडबड आहे का?

मुळीच नाही. आपण बोलतो 'पंचवीस', म्हणजे आधी पाच आणि मग वीस. मूल ऐकलं तसं लिहितं. एकोणतीस तर त्याहून अवघड, ऐकू येतो तीस आणि लिहायचा दोन-नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत. मला ती सोय टेकू म्हणून आजही उपयोगी वाटते. टेकू काढायचा कधी ते मुलालाच कळतं. दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या हातात दिल्या की ५२ लिहिणं थांबतं. उलटं लिहिलं म्हणून शंभरदा लिहायला लावू नका, उलटंच पक्कं होतं.

पाढ्यांबद्दलही विचारतात. पाठ हवेतच. मीही घेते, परिपाठानंतर, मोठ्याने. पण आमच्या बालबाजारात अळूची जुडी सात रुपयांना लावून बसलेल्या तिसरीतल्या मुलीने वीसची नोट हातात येताच आधी बोटांवर आठ, नऊ, दहा असं दहापर्यंत नेलं, मग दहा टाकले आणि तेरा रुपये परत दिले. तिला सातचा पाढा तेव्हा अर्धाच येत होता. दोन्ही लागतं.

शाळेत दिलेलं जेवण चांगलं असतं का? डबा देऊ का?

डबा नको. सगळे एकत्र बसून एकच अन्न खातात, त्यात डबा आला की त्यातल्या चिवड्याकडे बघणारी मुलं आणि तो लपवून खाणारं मूल असे दोन पक्ष होतात.

पोषण आहार योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा बऱ्याच ठिकाणी कोरडा तांदूळच मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. आता तिचं नाव पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण, लोकांच्या तोंडी मात्र खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे, त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. अलीकडे पाककृतींची यादीही आली. मसालेभात, चवळीची खिचडी, मटकीची उसळ, मूग-शेवग्याचं वरण, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व असं आलटून पालटून. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि मुलांनी बुधवार लक्षात ठेवायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला. त्यानंतर अंडं म्हणजे गावाची वर्गणी.

कागदावरची यादी आणि चुलीवरचं पातेलं यांच्यात माणूस असतो. आमच्या ताई सकाळी नऊला येतात, तांदूळ निवडतात, परसबागेतला शेवगा, लाल माठ, पपई काय असेल ते तोडतात. डाळीला खोबऱ्याचं वाटण नसलं तर मुलं खात नाहीत, म्हणून आपल्या घरचा नारळ आणतात. त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये, तेही वर्षात दहाच महिने, आणि वेळेवर येईलच असं नाही. तेव्हा खिचडीत मीठ कमी पडलं म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्याआधी एकदा त्यांच्याशी बोला.

वाढण्याआधी ताई, शिक्षक आणि एक पालक यांनी चव घेऊन वहीत नोंद करायची असते. पालकांच्या रकान्यात सही हवी आणि सही करायला पालक मिळत नाहीत, ही आमची रोजची अडचण. साडेबाराला या. जेवूनच जा.

लावणीच्या दिवसांत मूल घरी ठेवलं तर चालेल का? गणपतीची सुट्टी किती?

लावणीला चिखलात उतरायला मुलांना आवडतं आणि ते शिकणंही आहे, हे मला मान्य. एखादा दिवस, घरच्या शेतात, सांगून. पण "धाकट्याला सांभाळायला मोठीला ठेवली" हे मान्य नाही, आणि ते दरवर्षी मुलीच्याच वाट्याला येतं. धाकट्याला घेऊन तिला शाळेत पाठवा. पडवीत बसेल तो. आमच्या शाळेत अशी पाहुणी मुलं जुलैभर असतात आणि त्यांना खिचडीही मिळते. त्याची नोंद कुठे करायची ते मला विचारू नका.

गणपतीची सुट्टी कोकणात वेगळी मिळते आणि तेवढी दिवाळीत कापली जाते. गौरी-गणपती झाल्यावर मुंबईच्या गाडीत मुलाला बसवून मामाकडे आठ दिवस पाठवण्याची पद्धत मात्र बंद करा. मुसळधार पावसाची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, पण व्हाळ त्यांना विचारून वाढत नाही. साकवावर पाणी असेल तर सुट्टीच्या आदेशाची वाट बघू नका. मूल घरीच ठेवा आणि फोन करा.

शाळा व्यवस्थापन समितीवर माझं नाव घातलंय. मला करायचं काय?

पहिली गोष्ट, तुमचं नाव 'घातलं' जायला नको, पालकसभेत निवड व्हायला हवी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, असा कायदा आहे. अध्यक्ष पालकांतला असतो. मुख्याध्यापक फक्त सचिव. बऱ्याच गावांत प्रत्यक्षात उलटं चालतं. मुख्याध्यापक ठराव लिहून ठेवतात आणि अध्यक्ष दुकानातून येता-जाता सही करतात. त्यात शिक्षकांची सोय असते, म्हणून आम्ही तक्रार करत नाही.

तुम्ही प्रश्न विचारा. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान येतं, त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. बाकीच्यात खडू, कागद, वीजबिल, गळकी कौलं, दरवाजाची कडी. कुठे गेले ते विचारा. वही समोर ठेवणं आमचं काम आहे. दुसरं, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का ते स्वतः जाऊन बघा. बायकांनी बघा. बैठकीत बायका मागे भिंतीला टेकून बसतात आणि बैठक संपल्यावर दारात मला खरं काय ते सांगतात. ते बैठकीत बोललं गेलं तर इतिवृत्तात येतं आणि इतिवृत्तात आलं तर वर पाठवता येतं.

शिक्षकांच्या उशिरा येण्याबद्दलही समितीने बोलावं. मलाही.

आम्ही फार शिकलेलो नाही. शाळेत येऊन काय करणार?

गेल्या पावसाळ्यात एका मुलाचे आजोबा पडवीत बसून इरलं, म्हणजे शेतात पावसात डोक्यापाठीवर घ्यायचं आच्छादन, विणत होते. त्यांना फक्त सावली हवी होती. तिसरी-चौथी हळूहळू बाहेर सरकली. एका इरल्याला किती पट्ट्या, उभ्या किती, आडव्या किती, पाणी आत का येत नाही, प्लास्टिक आल्यावर कोणी विकत घेतं का. आजोबांनी उत्तरं दिली आणि मध्ये दोघांच्या हातात विणही दिली. त्या दिवशीचं गणित, परिसर अभ्यास आणि मराठी निबंध तिथेच झाला. 'आनंददायी शनिवार' म्हणून दप्तराविना शाळेची कल्पना आता शासनानेच दिली आहे, तेव्हा परवानगी कोणाची काढायचीही गरज नाही.

जाळं विणणारे, दशावतारात काम करणारे, नर्स, वायरमन, एसटीचे वाहक, सगळे हवेत. भाषण नको. काम करत करत बोला.

मी मुंबईत असतो. शाळेला काहीतरी द्यायचंय. टीव्ही देऊ का?

टीव्ही आहे. आधीच्या चाकरमान्याने दिलेलाही आहे, त्याच्या आधीच्याने दिलेला कपाटावर आहे. पावसाळ्यात वीज जाते आणि परत येते ती अशी येते की टीव्ही जातो.

द्यायचंच तर गोष्टीची पुस्तकं द्या, मोठ्या अक्षरांची, चित्रांची, वाचून फाटतील अशा हिशेबाने दोन-दोन प्रती. किंवा वर्षभराचं अंड्यांचं बिल उचला. किंवा कौलं शाकारायच्या वेळी मे महिन्यात दोन दिवस स्वतः या. भिंतीवर दात्याचं नाव लिहायला जागा कमी उरली आहे. तिथे आम्हाला चौथीचा नकाशा काढायचा आहे.

शाळेत मार देता का? "दोन ठेवून द्या बाई" असं मीच सांगतो.

तुम्ही सांगितलंत तरी नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही कायद्याच्या सतराव्या कलमाने बंद आहेत. 'मानसिक' शब्दाकडे बघा. सगळ्यांसमोर 'ढ' म्हणणंही त्यात आलं.

परीक्षा नाही, नापास नाही, मग मुलं अभ्यास कशाला करतील? शिष्यवृत्ती, नवोदयचं काय?

चौथीपर्यंत कोणाला मागे ठेवत नाही, पण परीक्षा नाही हे खरं नाही. रोजच्या कामाची नोंद आणि सत्राच्या शेवटी चाचणी, दोन्ही असतात, प्रगतिपत्रकात श्रेणी असते. ती वाचा. 'ब-२' च्या पुढे आम्ही जे वाक्य लिहितो ते जास्त महत्त्वाचं असतं. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात जमलं नाही तर पुन्हा एक संधी, त्यातही नाही तर तोच वर्ग.

शिष्यवृत्ती परीक्षा बरीच वर्षं चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिची परीक्षा पाचवीत, प्रवेश सहावीला. आपल्या जिल्ह्याचं नवोदय सांगेलीला आहे, जागा ८० आणि किमान पाऊणशे टक्के ग्रामीण मुलांसाठी. तयारी आम्ही करून घेतो, ज्याला झेपते त्याच्याकडून. तिसरीपासून रात्री नऊपर्यंत प्रश्नसंच सोडवणारी मुलं मला बघवत नाहीत. दहावीच्या निकालात कोकण मंडळ २०१२ पासून पुढे आहे त्याचं श्रेय जो तो घेतो. त्यातलं थोडं वाडीवरच्या आयांना द्या, ज्या रोज मुलाला वेळेवर घराबाहेर काढतात.

माझ्या मुलीला नीट चालता येत नाही. तिला इथे घेणार का?

हो. वाडीतली शाळा ही तिचीच शाळा आहे. तालुक्याहून विशेष शिक्षक ठरावीक दिवशी येतात, साधनांसाठी शिबिर असतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. चढउतार नाही अशी जागा आणि बसायची व्यवस्था आपण मिळून बघू. मुलांची काळजी करू नका, ती दोन दिवसांत तिचं दप्तर कोणी आणायचं याची पाळी लावतात आणि मग त्यावरून भांडतात.

बाई, तुम्ही वर्गात कमी आणि मोबाईलवर जास्त दिसता.

खरं आहे. हजेरी, पोषण आहार, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), गणवेश, आधार जुळणी, झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. माहिती भरणं हे अशैक्षणिक नाही असं समजतात. आमच्याकडे रेंज फक्त आंब्याखाली येते, त्यामुळे तुम्हाला मी आंब्याखाली दिसते. ही तक्रार समितीच्या बैठकीत करा, मीच दुजोरा देते.

चौथीनंतर पुढे कुठे?

कायदा पाचवीपर्यंत प्राथमिक मानतो आणि वाडीवरच्या बऱ्याच शाळा चौथीला संपतात, हा गुंता जुना आहे. पुढची शाळा गावातल्या पूर्ण प्राथमिक शाळेत किंवा हायस्कुलात. चौथीच्या मार्चमध्ये आम्ही मुलांना एक दिवस त्या शाळेत नेतो. वर्ग, घंटा, पाण्याची जागा, आणि तिथे आधीच गेलेली आपली मुलं दाखवतो. जूनमध्ये पहिले पंधरा दिवस मुलं बावरतात, कारण तिथे मागच्या बाकावर बसता येतं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी विचारा की आज वर्गात काही बोललास का.

मधेच मुंबईला जावं लागलं तर दाखला लगेच मिळतो का?

मिळतो. अर्ज करा, दाखला लगेच द्यायचा असं कायदाच सांगतो. आणि तो पोचायला उशीर झाला तरी नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जाताना मुलाचं वाचनालयाचं पुस्तक तेवढं परत करा.